सातव्या घरातलं प्यादं

काका, परवा तुमच्या फ्रंट रूममध्ये बसून मी तुमचे डाव वाचले. न विचारता. तुम्ही असतात तर चष्मा कपाळावर सारून म्हणाला असतात, "दुसऱ्याचं पत्र अन् दुसऱ्याचा डाव वाचू नये," आणि मग शेजारी खुर्ची ओढून स्वतःच एकेक चाल समजावून सांगितली असतीत. तुम्हाला जाऊन तेव्हा सतरा दिवस झाले होते. काकूंनी तुमची फिरती खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली होती. समोर असली की आत्ता तुम्ही येऊन बसाल असं वाटतं म्हणाल्या.

मला तुमच्या लेकीने, मित्राने, बोलावलं होतं. "अनघाताई, बाबाचा कॉम्प्युटर तू बघशील का? सगळे फोटो त्याच्यात आहे. आई मला हात लावू देत नाही, बोलते मी तोडणार." तुमची ही लेक वर्गात पोरांना नुसत्या नजरेने गप्प करते, पण काकूंपुढे तिचं काही चालत नाही. शनिवारी सकाळची ट्रेन धरून मी लंडनमधल्या एजवेअरहून बर्मिंगहॅमला आले. फोटो काढून द्यायचे, काकूंशी दोन शब्द बोलायचे आणि संध्याकाळच्या ट्रेनने परत, एवढंच मनात होतं. खरं सांगायचं तर त्या कॉम्प्युटरची मला भीती वाटत होती. त्यात आपलं एक भांडण अर्धवट पडलेलं होतं, आणि ते मीच तिथे ठेवलं होतं.

पण त्याआधी जुनं भांडण. आपली पहिली भेट तुम्ही लोकांना कायम चुकीची सांगत आलात. मी पुण्याहून बर्मिंगहॅमला एका बँकेच्या सॉफ्टवेअरच्या कामावर आले होते, वर्क परमिटवर, एकटी. शनिवारी करायला काही नसायचं म्हणून लायब्ररीतल्या हीटरशेजारी जाऊन बसायचे. खिडकीजवळच्या टेबलावर तुम्ही आणि तो उंच, लालबुंद इंग्रज केन पट मांडून बसलेले असायचात. त्याने तुमचा हत्ती मारला, आणि तुम्ही अगदी सभ्यपणे, घसा खाकरल्यासारखं म्हणालात, "च्या मायला." अख्ख्या लायब्ररीत ते कळलेली मी एकटी. मी फिसकन हसले. तुमचं म्हणणं, मी तुमच्या हरण्याला हसले. मी हसले ते तुमच्या शिवीला. सहा वर्षं आपण हा वाद घातला. आता तो बरोबरीत सुटला असं धरू.

"पुण्याची का? आडनाव काय?" तुम्ही विचारलंत. मी सांगितलं. आपल्या लोकांत आडनाव ऐकल्यावर माणूस अर्धा क्षण थांबतो, तसे तुम्ही थांबलात. मग म्हणालात, "मी मेश्राम. नागपूर." आणि मीही अर्धा क्षण थांबले असणार, कारण तुम्ही हसलात. "राहू दे. आडनावावरून मी माणूस ओळखत नाही. बस, एक डाव टाक, चालीवरून ओळखतो." पंधरा मिनिटांत मला मात दिलीत आणि निदान केलंत, "घाई लय आहे तुले."

त्यानंतर रविवार दुपार तुमच्याकडे. भिंतीवर सुटातले बाबासाहेब, शेजारी पदवीच्या काळ्या टोपीतली मित्रा, आणि खाली टेबलावर तुमचा पट. तुम्ही कारखान्यात लेथवर होतात तेव्हा जेवणाच्या सुट्टीत उरल्यासुरल्या पितळेतून हे मोहरे कातले होतेत. वजीर, हत्ती, उंट, घोडे पितळेचे, आणि प्यादी लोखंडाची. हातात घेतलं तर प्यादं वजिरापेक्षा जड. मी कारण विचारलं तर "पितळ संपलं" एवढंच उत्तर मिळालं. काकू पुडाच्या वड्या आणून ठेवायच्या आणि चहा. चहाला सगळे वेगवेगळे मग, कुठल्याही जोडीचा मेळ नाही. तुमचा मात्र ठरलेला, निळा, कानाला टवका उडालेला. त्याला कुणी हात लावलेला तुम्हाला खपायचा नाही. मित्राने एकदा त्यात पेनं ठेवली तर तुम्ही दोन दिवस तिच्याशी बोलला नव्हतात. चांगलेच तऱ्हेवाईक होतात तुम्ही. हरायला लागलात की रेडिओचा आवाज वाढवायचात, आणि मी विचार करत असले की मुद्दाम बोटांनी टेबल वाजवायचात.

आपण दोघंही लहानपणी देशी बुद्धिबळ शिकलेलो, तुम्ही मामांकडून, मी आजोबांकडून. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर चालणार, किल्लेकोट नाही, राजाला सबंध डावात एकदाच घोड्यासारखी उडी. ही उडी तुम्ही केनलाही मान्य करायला लावली होतीत. "तुमच्या रूल्सनी शंभर वर्षं खेळलो, आता तू माझ्या एका रूलनी खेळ," असं त्याला बजावल्यावर बिचारा काय बोलणार? पण एका नियमाला तुम्ही विलायती होतात. देशी खेळात प्यादं शेवटच्या रांगेत पोचलं की ज्या मोहऱ्याच्या घरात पोचलं तेच होतं. हत्तीच्या घरात हत्ती, उंटाच्या घरात उंट. विलायती खेळात पोचलेल्या प्याद्याला हवं ते होता येतं. तुम्हाला हे हवं होतं.

"असं अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं कसं चालेल काका?" मी म्हणायचे.

"मी बी अर्धा इकडचा, अर्धा तिकडचाच आहो. पस्तीस वर्षं चालून राहिलं ना?" आणि मग बोट वर करून, "सहा घरं चालत गेलं ते. एकेक पाऊल. सारे टपून बसले होते त्याले माराले, तरी पोचलं. आता त्याले काय व्हायचं ते त्याले विचारा ना. जागा काहून ठरवते?"

मी आजोबांची बाजू लढवायचे. एकदा त्या भरात मी तुम्हाला आजोबांच्या खेळाची गोष्ट सांगितली. मला ती गोड आठवण वाटायची. त्यांच्या ऑफिसातला शिपाई रविवारी घरी यायचा, दोघं तासन् तास खेळायचे. आजोबा त्याला कधी खोटं जिंकू द्यायचे नाहीत, आणि आजी त्याला न चुकता चहा द्यायची. तुम्ही उंट उचलला होतात. तो हातात तसाच धरून विचारलंत, "कप कोणता?"

"कप वेगळा होता त्याचा. खिडकीत ठेवलेला असायचा," मी सहज सांगितलं.

"हं," तुम्ही म्हणालात आणि उंट ठेवलात. मला वाटलं, तुम्ही चालीचा विचार करताय.

मित्राने नवीन कॉम्प्युटर घेतला आणि तिचा जुना तुमच्याकडे आला, तो पाठीमागे ढेरी असलेला. त्यात बुद्धिबळाचा एक प्रोग्राम होता. त्याचं नाव तुम्ही ठेवलंत 'साहेब'. तिसऱ्या पातळीच्या वर तुम्ही कधी गेला नाहीत, पण भांडलात मात्र पहिल्या दिवसापासून. राजाला घोड्याची उडी मारायला लावायचात, साहेब नकाराचं टुंग वाजवायचा आणि तुम्ही स्क्रीनला म्हणायचात, "तुह्या बापाने नियम केले का?" चाल परत घ्यायचं बटण होतं त्याला तर तुम्ही स्पर्शही केला नाहीत. मी ते दाबलं की रागवायचात. "मशीनसमोर सवय लागली तर माणसासमोर बी हात मागे येते." आणि तरी तुम्हाला माणूसच आवडायचा. "केन जिंकायले लागला का गुणगुणते. हे मशीन गुणगुणत नाही ना, म्हणून हरताना मजा नाही येत."

फक्त एक गोष्ट साहेबाची तुम्हाला फार आवडायची. प्यादं शेवटच्या घरात पोचलं की पटावर एक लहानशी खिडकी उघडायची. त्यात चार चित्रं, वजीर, हत्ती, उंट, घोडा. तुम्ही माउसवरून हात काढून घ्यायचात आणि नुसते बघत बसायचात. "पाहा. विचारते," म्हणायचात. दर वेळी. जसं काही पहिल्यांदाच पाहताय. आणि मग घोडा निवडायचात.

"वजीर घ्या ना काका! चार चालींत मात आहे!"

"वजीर तर सारेच मागते. घोड्याले कोणी अडवू शकत नाही, उडी मारून जाते." आणि हरायचात. त्या हरण्यावर मात्र रेडिओ मोठा व्हायचा नाही.

मग तो हिवाळा आला, ज्याबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. माझं प्रोजेक्ट बंद झालं. नवी कंपनी मिळाली नाही तर परमिट जाणार आणि मी पुण्याला परत. घरी मी कुणाला सांगितलं नव्हतं. आईला फोनवर ऑफिसच्या खोट्या गमती सांगायचे आणि फोन ठेवून रडायचे. तुम्ही रोज सकाळी फोन करायचात. "ये," एवढंच. सहानुभूतीचा एक शब्द नाही, नोकरीची चौकशी नाही. चार तास खेळायचं. मी एकदा वैतागून राजा आडवा पाडला, हरले म्हणून. तुम्ही तो उचलून उभा केलात. "मात होईपर्यंत खेळायचं. समोरच्याले मेहनत करू दे ना, आपण काहून त्याचं काम सोपं करायचं?" दुसऱ्या दिवशी मी इंटरव्ह्यूला गेले. जाणार नव्हते. काका, मी या देशात आहे ती त्या वाक्यामुळे.

त्याच रिकाम्या दिवसांत मी तुमच्यासाठी काहीतरी करायचं ठरवलं. मला येतं ते एकच. मी घरी बसून बुद्धिबळाचा प्रोग्राम लिहिला, देशी नियमांचा. प्यादं एक घर, राजाला उडी, सगळं. खेळायला तो साहेबापेक्षा बराच मठ्ठ होता, पण आपला होता. नवी नोकरी मिळाली त्या रविवारी पेढ्यांबरोबर सीडी घेऊन आले. तुम्ही हात धुऊन, चष्मा पुसून बसलात. राजाने उडी मारली, टुंग वाजलं नाही, आणि तुम्ही काकूंना किचनमधून ओढत आणलंत. "पाहा वो, उडी मारली!" काकूंना बुद्धिबळातलं ओ की ठो कळत नाही, पण त्याही खूश झाल्या. तुम्ही इतके आनंदात होतात की मला वाटलं, फिटलं सगळं.

मग तुमचं प्यादं हत्तीच्या घरात पोचलं आणि हत्ती झालं. लगेच. खिडकी उघडली नाही.

तुम्ही माउसवरून हात काढलेलाच होतात. "हे विचारत नाही?"

मी पेढा खात होते. हसत म्हणाले, "प्याद्याला कोण विचारतं, काका?"

एवढंच. त्याच्या मागेपुढे काही नव्हतं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. रागाने पाहिलं असतंत तर बरं झालं असतं. तुम्ही थकल्यासारखे पाहत होतात, जुना ओळखीचा माणूस नको तिथे भेटावा तसे. मग उठलात आणि स्वतः चहा करायला गेलात. तुम्ही चहा करताना मी कधी पाहिलं नव्हतं. काकू माझ्याकडे बघायला लागल्या. चहा घेऊन आलात तेव्हा तुम्ही नेहमीसारखे होतात. "फस्क्लास केलं आहेस," म्हणालात.

मला कळलं ते बसस्टॉपवर. बस यायला वेळ होता, आणि एकाएकी तो खिडकीतला कप आठवला. तुम्ही हातात धरलेला उंट आठवला. माझ्या आजोबांच्या पटावर समोर बसणाऱ्या माणसाला कुणी काही विचारलं नव्हतं, आणि मी ती गोष्ट तुम्हाला गोड म्हणून सांगितली होती. वर आता हे. आणि कुणाला? ज्याच्या मामांना, वडिलांना, स्वतःलाही, तू काय होणार हे जागा बघून सांगितलं गेलं, आणि जो ते न ऐकता सातासमुद्रापलीकडे चालत आला, त्याला. मला तिथल्या तिथे परत येऊन बेल वाजवता आली असती. पाच मिनिटांचं अंतर होतं. मी बसमध्ये चढले.

पुढच्या आठवड्यात तुम्हीच मला वाट करून दिलीत. फोनवर म्हणालात, "बाकी सारं बरोबर आहे. तेवढं विचारायचं टाक त्याच्यात."

"टाकते ना काका. दहा मिनिटांचं काम आहे."

दहा मिनिटांचं काम मी चार वर्षं केलं नाही. वेळ नव्हता असं मी तुम्हाला सांगायचे, आणि तुम्ही "हो, काम असते" म्हणायचात. वेळ ढीगभर होता. पण ते बदललं असतं तर ते का बदललं हेही सांगावं लागलं असतं. माफी मागायची तर त्या गोष्टीचं नाव घ्यावं लागलं असतं, आणि ते नाव घ्यायची आमच्या घरात कुणाला सवय नव्हती. खेळाचाच तर नियम आहे, असं मी मनात म्हणत राहिले. तुमच्याशी नियमावरून वाद घालणारी मी, त्या एका विषयावर वाद घालायलाही घाबरायला लागले. दोन-तीनदा आठवण करून देऊन तुम्ही विचारणं सोडलंत. मी लंडनच्या नोकरीसाठी एजवेअरला गेले. तुमच्याकडे यायचे तेव्हा पितळी पट मांडलेला असायचा आणि कॉम्प्युटरवर काकूंनी विणलेलं कव्हर. मी समजले, तुम्ही माझा प्रोग्राम काढून टाकलात. टाकला असता तरी माझी हरकत घ्यायची लायकी नव्हती.

शेवटच्या फोनवर तुम्ही सांगितलंत की केनला त्याच्या मुलाने केअर होममध्ये ठेवलं, लायब्ररीचं टेबल रिकामं असतं. "आता माणूस नाही खेळायले. मशीनच आहे."

"साहेब आहे ना तुमचा," मी म्हटलं.

"साहेब नाही. दुसरं," तुम्ही म्हणालात. मी इस्त्री करत होते. दुसरं म्हणजे कोणतं, हे मी विचारलं नाही.

तर परवा. फोटो काढून झाले. तुमचे फोटो कमी आणि काकूंच्या गुलाबांचे जास्त. मग मला माझ्या प्रोग्रामची खूण दिसली, स्क्रीनच्या कोपऱ्यात, होती तिथेच. साहेबाची खूण मात्र कुठे दिसेना. प्रोग्राम लिहिताना चुका शोधायला सोपं जावं म्हणून आम्ही लोक आत एक नोंदवही चालू ठेवतो, काय काय घडलं ते त्यात आपोआप उतरत जातं. काम संपलं की ती बंद करायची असते. मी विसरले होते. चार वर्षं ती तुमचा प्रत्येक डाव लिहीत राहिली होती, चालीमागून चाल. शेवटचा डाव तुम्ही हॉस्पिटलमध्ये गेलात त्याच्या आदल्या दिवशीचा.

मी वाचायला बसले. मित्रा दोनदा डोकावून गेली. काही डाव जिंकलेले, बरेच हरलेले. राजाची उडी प्रत्येक डावात, गरज असो वा नसो. आणि मग एक विचित्र गोष्ट दिसायला लागली. तुमचं प्यादं सातव्या घरापर्यंत यायचं आणि थांबायचं. पुढचं घर रिकामं, एक पाऊल टाकलं की हत्ती मिळेल, घोडा मिळेल, कधी तर समोर चक्क वजिराचं घर, आणि तुम्ही भलतीकडेच उंट हलवताय. मग मशीन येऊन ते प्यादं मारायचं आणि तुम्ही हरायचात. पुढच्या डावात पुन्हा तेच. त्याच्या पुढच्यातही.

मला आधी वाटलं, माझीच चूक. प्रोग्राम प्याद्याला पुढे जाऊ देत नसेल. मी तुमची खुर्ची कॉम्प्युटरपुढे ओढून तीत बसले आणि तपासलं. जाऊ देत होता, बिनतक्रार. पहिल्या दिवशीचा तो एक डाव सोडला, तर तुम्ही प्यादं शेवटच्या घरात एकदाही टाकलेलं नव्हतं.

तुम्ही माझी भेट टाकून दिली नव्हतीत काका. रोज खेळत होतात. पण जिथे कुणी विचारणार नाही, तिथे तुमच्या प्याद्याने जायचं नाही, असं तुम्ही ठरवलं होतंत. मला एक शब्द न बोलता. आणि मी दहा मिनिटं काढीन याची वाट बघत त्याला दाराशी उभं करून ठेवत होतात. मी रडले. काकूंनी ऐकू नये म्हणून तोंडावर हात धरून रडले, पण त्यांना ऐकू गेलंच.

माझं चुकलं, काका. मी म्हटलं ते चुकलं, आणि चार वर्षं गप्प बसले ते त्याहून चुकलं. हे तुमच्यासमोर, तुम्ही बोटांनी टेबल वाजवत असताना म्हणायला हवं होतं. तुम्ही बहुतेक "बरं बरं, चाल खेळ" म्हणाला असतात. तेवढं ऐकायला मी काय वाटेल ते देईन.

माझ्या लॅपटॉपमध्ये मूळ प्रोग्राम अजून होता. तुमच्या टेबलावर तो उघडला आणि घड्याळ लावलं. चौदा मिनिटं लागली. त्यातली सहा नुसत्या अक्षरांत गेली, कारण मला ते मराठीत विचारायला हवं होतं आणि तुमच्या कॉम्प्युटरवर देवनागरी काही केल्या दिसेना. शेवटी ते शब्द चित्रासारखे काढून खिडकीत चिकटवले. मग तुमचा शेवटचा डाव मांडला, जिथे तुम्ही सोडला होतात तिथून. प्यादं सातव्या घरात उभं होतं.

काकू पदराला हात पुसत मागे येऊन उभ्या राहिल्या. मी प्यादं एक घर पुढे सरकवलं. खिडकी उघडली.

काकूंनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं, "काय व्हायचं आहे?" मग मला विचारलं, "कोणाले विचारून राहिलं हे?"

"प्याद्याला, काकू."

त्यांनी चारही चित्रांवरून बोट फिरवलं. "त्यांनी काय घेतलं असतं?"

"घोडा."

"मग घोडा घे."

मी घोडा घेतला. वजिराने सरळ मात होती, ती मला समोर दिसत होती. पुढच्या अकरा चालींत माझ्याच मठ्ठ प्रोग्रामने माझी दाणादाण उडवली. मी राजा आडवा पाडला नाही. मात होईपर्यंत खेळले.

"जिंकले का?" काकूंनी विचारलं.

"नाही. हरले."

"मग बरोबर आहे," काकू म्हणाल्या. "तेच खेळत होते."

त्यांनी तुमची खुर्ची माझ्यासकट पितळी पटाकडे नीट वळवली आणि किचनमध्ये गेल्या. चहा घेऊन आल्या तेव्हा मित्रा दारात थांबली आणि आईकडे बघतच राहिली. चहा तुमच्या मगात होता, निळ्या, टवका उडालेल्या. मी काकूंकडे पाहिलं. "पी," त्या म्हणाल्या, "थंड होते." मी प्यायले.